मदत हवी आहे: नर्मदाकाठच्या बुडालेल्या पाड्यांचा नकाशा करतोय, जुनी शीट ४ किमी सरकते

काठावरचा:
सरदार सरोवराच्या बुडितात नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं आली. इथली भिल्ल-पावरा वस्ती पाड्यापाड्यांनी उतारावर विखुरलेली, त्यामुळे गावाला एक ठिपका देऊन काहीच कळत नाही. धरणाआधीचे पाडे, पायवाटा आणि शेतं क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवायची आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची शीटचा (१:६३,३६०) ३०० डीपीआय स्कॅन आहे. चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन बसवली तर अख्खी शीट पूर्वेला चारेक किमी सरकते. त्याऐवजी नदी-नाल्यांचे संगम धरले तर डोंगर वेडेवाकडे ताणले जातात. शिवाय बुडिताची रेषा कशावरून काढावी?

टोपोशीट:
शीटच्या समासातली बारीक टीप वाचा. १९०५ च्या आधीच्या शीटांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मोजणीवर आधारलेले असतात आणि ते २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त भरतात. तुमच्या अक्षांशावर ते होतात सुमारे ४.२ किमी, म्हणजे नेमकी तुमची चूक. प्रत्येक रेखांशातून तेवढे वजा करा. मात्र शीटवर '४६ के' असा नंतरचा क्रमांक असेल तर दुरुस्ती आधीच झालेली असू शकते. तेव्हा एक ओळखीचं शिखर, उदाहरणार्थ अस्तंबा, आजच्या नकाशावर जुळतं का ते पाहून मगच वजाबाकी करा.

चारच कोपरे पुरत नाहीत. १५ मिनिटांच्या शीटवर ५-५ मिनिटांच्या रेघांचे १६ छेद मिळतात, ते सगळे टिपा. निर्देशांक कालियानपूर प्रणालीत भरा (पृथ्वीच्या आकाराच्या 'एव्हरेस्ट' नावाच्या जुन्या मापावर आधारलेली). थेट आजच्या जीपीएसची डब्ल्यूजीएस ८४ प्रणाली धरलीत तर इथे शंभरेक मीटरचा फरक राहतो. आधी पहिल्या घाताचं पॉलिनोमियल वापरा, ते अख्खी शीट न वाकवता एकसारखी बसवतं. ३०० डीपीआयला एक पिक्सेल साधारण ५.४ मीटरचा असतो, म्हणून सरासरी त्रुटी ५-६ पिक्सेलच्या आत आली की पुरे. घडीमुळे कागद ताणला असेल तरच थिन प्लेट स्प्लाइन (प्रत्येक बिंदूपाशी चित्र ओढून बसवणारी पद्धत) घ्या. त्यात त्रुटी नेहमी शून्यच दिसते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. सोळांपैकी चार छेद बसवताना न वापरता बाजूला ठेवा आणि त्यांच्यावरून खरी चूक मोजा.

डोंगरवाट:
संगम का फसतात? आजच्या उपग्रहचित्रात दिसतो तो फुगवट्याच्या पाण्याचा काठ, खरा संगम त्याच्याखाली आहे. शिखरं आणि खिंडी धरा. संगमच हवे असतील तर १९८० च्या दशकातलं लँडसॅट ५ चं चित्र घ्या. त्याचा एक पिक्सेल ३० मीटरचा असला तरी नदी जुन्या पात्रात दिसते.

बुडिताच्या रेषेसाठी उंचीची माहिती कोणत्या सालची, यावर सगळं अवलंबून आहे. कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाची दर ३० मीटरला उंची देणारी माहिती २०११ ते २०१५ ची आहे. तेव्हा धरण १२१.९२ मीटरवर होतं, त्यामुळे खालचा उतार तिच्यात नाहीच, नुसतं सपाट पाणी आहे. एसआरटीएमची (अवकाशयानातल्या रडारची) मोजणी फेब्रुवारी २००० मधली, तेव्हा धरण ९० मीटरच्या आत होतं. म्हणून बुडालेला उतारही बराचसा हवा असेल तर १३८.६८ मीटरची (धरणाच्या पूर्ण जलपातळीची) समोच्च रेषा एसआरटीएमवरून काढा. खडा उतार आणि झाडी यामुळे काही मीटर इकडेतिकडे होणारच, तेव्हा एकच रेषा न दाखवता १३० ते १४६ असा पट्टा दाखवा.

पाड्यांसाठी कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली छायाचित्रं यूएसजीएसच्या (अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर शोधा. चांगल्या फ्रेममध्ये दोनेक मीटरपर्यंतचा तपशील असतो: साफ केलेली शेतं, वाटा, कधी घरांचे पुंजके. आधी स्कॅन झालेली फ्रेम फुकट, नसेल तर ३० डॉलर. फ्रेम लांबट पट्टीची, सुमारे १४ × १८८ किमी, आणि फाइलचे चार तुकडे येतात. ते जोडून एकदम बसवू नका, टोकाकडे विकृती फार असते. आपल्या खोऱ्यापुरता तुकडा कापा आणि त्यात २५-३० बिंदू द्या. इथे मात्र स्प्लाइनच लागते.

काठावरचा:
१६ छेद आणि वजाबाकी, दोन्हींनी शीट बसली. राखून ठेवलेल्या छेदांवर चूक ३५ मीटर. आता पाड्यांची नावं: शीटवर एक, महसुली कागदात दुसरं, माणसं तिसरंच सांगतात.

पाडानोंद:
तिन्हींना वेगळे रकाने ठेवा, एक नाव 'बरोबर' ठरवून बाकीची पुसू नका. आणखी दोन रकाने हवेत: जागा कशावरून ठरवली (शीट, कोरोना, सांगणं) आणि खात्री किती. माहितगार माणसं आता तळोद्याकडच्या सोमावलसारख्या किंवा गुजरातेतल्या परवेट्यासारख्या पुनर्वसन वसाहतींत आहेत. त्यांच्यापुढे मोबाइल धरू नका. कोरोनाचं ए-वन आकाराचं छापील चित्र जमिनीवर अंथरा आणि सुरुवात नाल्यांच्या नावांपासून करा. नाला सापडला की त्याच्या कडेचे पाडे ओळीने सांगितले जातात. नाव डब्ल्यूएव्ही ध्वनिफितीत त्यांच्या उच्चारात ठेवा, देवनागरीत पावरीचे सगळे स्वर नीट उतरत नाहीत.

देवाची ठिकाणं आणि मसणवट वेगळ्या, कुलूपबंद फाइलीत ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपवर एकदा चढवलेलं परत घेता येत नाही, म्हणून काय जाहीर करायचं ते आधी त्या पाड्याच्या लोकांनी बसून ठरवू दे. अंतिम नकाशाची छापील प्रत वसाहतीत द्या. त्यावर पेनने केलेल्या दुरुस्त्या पुढच्या आवृत्तीत घ्या, आणि कोणत्या पाड्याने कोणती सांगितली तेही नोंदवा.