सूर्याला खळं पडलं होतं, पण ४३ डिग्रीत बर्फ कुठला?

गच्चीवरची (होटगी रोड)
काल साडेबाराच्या सुमाराला कुरडया पालटायला गच्चीवर गेले, तर ऊन एकदम मिणमिणं वाटलं. वर बघते तर सूर्याभोवती अख्खं गोल खळं! आतली कड तांबूस, बाहेर पांढुरकं. सासूबाई म्हणाल्या, पाऊस येणार. मुलगा म्हणतो, हे बर्फामुळं होतं. इथं पारा ४३ वर, पत्र्याला हात लावता येत नाही. बर्फ आला कुठनं?

बाळीवेसकर
मुलगा बरोबर सांगतोय. शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर जावं तसं दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. दहा किलोमीटरवर मे महिन्यातही उणे २० च्या खाली. तिथल्या पातळ ढगात बर्फाचे बारीक षटकोनी स्फटिक असतात, पेन्सिलीच्या तुकड्यांसारखे. किरण एका बाजूतून शिरतो आणि मधली एक बाजू सोडून पुढच्या बाजूतून निघतो. त्या दोन बाजूंत ६० अंशांचा कोन, म्हणजे लोलकच झाला. त्यातून प्रकाश निदान २२ अंश तरी वळतो, त्याहून कमी वळूच शकत नाही. म्हणून खळ्याच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा काळपट दिसतं. पुढच्या वेळी हे नक्की बघा, मला त्यातलं सगळ्यात देखणं तेच वाटतं. तांबडा सर्वांत कमी वळतो म्हणून तो आत. बाकीचे रंग एकमेकांवर चढून फिके पडतात.

सूर्य टाकीआड झाकूनच बघा. हात लांब केला की सूर्यापासून खळ्यापर्यंत साधारण एक वीत भरते.

अक्कलकोट रोडवाला
मी मागं सकाळी अकराच्या आसपास पूर्वेला, सूर्याच्या बरंच खाली, आडवा रंगीत पट्टा पाहिला. इंद्रधनुष्यापेक्षा गडद. पाऊस नव्हता. तेही खळंच का?

बाळीवेसकर
नाही, पण बर्फाचंच काम. ते स्फटिक चपटे, आडवे तरंगणारे. प्रकाश उभ्या कडेतून शिरून तळातून निघतो, तिथं कोन ९० अंशांचा, म्हणून रंग स्वच्छ सुटतात. त्याला सूर्य क्षितिजापासून ५८ अंशांहून वर लागतो. उत्तर युरोपात तो एवढा चढतच नाही. आपल्याकडं उन्हाळाभर संधी आहे, नशीबवान आहात!

गच्चीवरची
आणि पावसाचं?

बाळीवेसकर
सासूबाईंचं म्हणणं टाकाऊ नाही. वळवाच्या ढगाचा माथा वर पसरून लांबवर असे ढग येतात. पण खळं पडलं म्हणजे आपल्याच गल्लीत पडेल असं नाही. दुपारनंतर उभे ढग चढायला लागले, तर मात्र कुरडया आत घ्या.