भाजून आखडलेली बोटं: ऑपरेशन आत्ता की नंतर?

रावपुरेकर: काकूंनी तापलेली कढई हातानं धरली, त्याला सात महिने झाले. उजवी करंगळी आणि अनामिका तळहाताकडे वळून राहिलीयेत, लाटणं धरता येत नाही. वडोदऱ्यातल्या सर्जननी व्रण सोडवून कातडी लावू म्हटलंय. थांबावं का?

टाका_धागा: व्रण लाल, कडक, खाजरा असेल तर तो अजून मुरलेला नाही. आत्ता कापला तर पुन्हा आखडण्याची भीती जास्त, म्हणून एरवी वर्षभर थांबतात. पण स्प्लिंट (बोट ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार) लावूनही बोट वाकतच चाललं असेल तर थांबू नका, सांधाच धरून बसतो. बोटाचा मुळाचा सांधा वाकवून बघा. तेव्हा मधला सांधा सरळ झाला तर दोष कातडीचा. तरीही अडलेलाच राहिला तर नुसती कातडी लावून भागणार नाही.

ऑपरेशनमध्ये व्रण आडवा छेदून बोट सुटं करतात आणि उघड्या जागेवर ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढलेली कातडी, लावतात. तळहाताला पूर्ण जाडीचा, बहुधा जांघेतला. पातळ ग्राफ्ट नंतर फार आकसतो. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) उघडी पडली तर तिच्यावर ग्राफ्ट धरत नाही, फ्लॅप लागतो, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट आणलेली कातडी. जांघेचा फ्लॅप म्हणजे हात साधारण तीन आठवडे तिथेच जोडलेला. तेवढी तयारी घरच्यांचीही हवी!

जुनं बोट एका दमात सरळ केलं की रक्तवाहिन्या ताणून ते पांढरं पडतं. मग सर्जन थोडा वाक मुद्दाम ठेवतात, उरलेला स्प्लिंटनं काढायचा.

रावपुरेकर: शेजारच्यांकडे एक स्प्लिंट पडून आहे, तो चालेल?

फिजिओताई: मुळीच नाही. हाताची पाठ भाजली तर मुळाचे सांधे ७० ते ९० अंशांत वाकवून ठेवतात. काकूंना तळहात आणि बोटं सपाट ताणलेली हवीत. उलटा स्प्लिंट उलटंच काम करेल.

ग्राफ्ट वाया जातो तो खाली रक्त साठून, कातडी सरकून किंवा पू होऊन. म्हणून पहिली पट्टी साधारण पाचव्या दिवशी सुटेपर्यंत हात छातीच्या वर, उशीवर. बोट सरळ ठेवायला आत तार घातली असेल तर ती दोन-तीन आठवड्यांनी काढतात, मग व्यायाम. स्प्लिंट आधी दिवसरात्र, पुढे निदान सहा महिने रात्री. दाबाचा हातमोजा दिवसातले २३ तास. आपल्याकडच्या मे महिन्यात तो घामानं भिजतो, दोन जोड शिवून घ्या. खोबरेल लावून व्रण पांढरट होईपर्यंत दाबत चोळायचा, पण ग्राफ्ट पक्का धरल्यावरच.

टाका_धागा: मशेरी किंवा बजर लावत असतील तर आधीच बंद, निकोटीननं रक्तपुरवठा घटतो. आयुष्मान कार्ड असेल तर स्प्लिंट आणि हातमोजा त्यात धरलाय का, हे भरती होण्यापूर्वी वेगळं विचारा.