मार्चमध्ये मुदत संपली, आता जुलैमध्ये सभागृहात हिशेब मागायचा का?

सातरस्ता_कट्टा (धागाकर्ता)

केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि पहिल्यापासून सोलापूर त्या यादीत आहे. ज्या शहरांची हवा मर्यादेत बसत नाही अशांची ती यादी, त्यामुळे नाव आलं म्हणून पेढे वाटायचं कारण नव्हतं. आधी ठरलं, २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे. मग उद्दिष्ट वाढवून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के केलं. ते आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं. पेपर सुटला, निकाल कुठाय?

दुसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६७-अ आहे. आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत मागच्या वर्षाचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा. मार्च २०२२ पासून आपल्याकडे सभागृहच नव्हतं, आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे साहेबांनी अहवाल तयार करायचा आणि साहेबांनीच तो स्वतःपुढे ठेवायचा! जानेवारीत निवडणूक झाली, १०२ नगरसेवक निवडून आले. एवढ्या वर्षांनी तो अहवाल प्रश्न विचारणाऱ्यांपुढे यायची ही पहिलीच वेळ.

माझं म्हणणं एवढंच: प्रत्येकाने आपापल्या नगरसेवकाला आत्ताच लेखी द्यावं की अहवाल नुसता पटलावर ठेवून मंजूर करू नका, त्यावर चर्चा घ्या. आणि त्यात वाहतुकीचं एक पान मागा. केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतून मंजूर विजेवरच्या बस किती, प्रत्यक्षात आल्या किती, रोज मार्गावर धावतात किती. स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या निधीतून रस्त्यावरच्या धुळीवर किती गेले आणि वाहनांच्या धुरावर किती, तेही.

पार्कचौक_जुना

अहवाल! अहो, तो अहवाल कधी उघडून पाहिलाय का? एजन्सीला काम देतात. पहिली पंधरा पानं शहराचा इतिहास, सिद्धरामेश्वर, भुईकोट किल्ला, गड्ड्याची यात्रा. मग पर्जन्यमानाचा तक्ता, मग झाडांचे फोटो. शेवटी शिफारशी: "जनजागृती करावी." गेली कित्येक वर्षं आपण जनजागृत होतोय. सभागृहात त्यावर चर्चा म्हणजे चहा-बिस्किटांचा खर्च. त्यापेक्षा पर्यावरणाचे खटले चालतात त्या हरित लवादात जा. पुण्यात खंडपीठ आहे.

सातरस्ता_कट्टा

लवादाचं दार बंद नाहीच. पण कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, वर फार तर साठ दिवसांची सवलत. "हवा खराब आहे" एवढं घेऊन कोणी उभं करत नाही. कोणी, कधी, काय करायचं होतं आणि केलं नाही, हे कागदावर लागतं. सभागृहात विचारलेला प्रश्न आणि त्याचं लेखी उत्तर हाच तो कागद. पहिली पंधरा पानं इतिहासाची असतील तर सोळाव्या पानापासून सुरू करू.

टॉवेलवाला_पूर्वभाग

काय बोललालाव मालक. धुरावर चर्चा झाली की गाडी शेवटी कुठं येऊन थांबते ते आम्हाला ठाऊक आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसी. सूत-कापड रंगवणाऱ्या प्रोसेसचा बॉयलर बंद करा, नोटीस घ्या, नवीन यंत्र लावा. ट्रकवाल्याला कोण धरत नाही, रस्ता खोदून सहा महिने तसाच ठेवणाऱ्या ठेकेदाराला कोण धरत नाही. टॉवेलचा धंदा आधीच सुताच्या भावाने वाकलाय. पोरं पुण्याला चाललीत, हे तुमच्या अहवालात कुठल्या पानावर येणार? मी म्हणतो हिशेब मागा, पण आधी सरकारकडून मागा. आमच्याकडून मागायला सगळेच येतात.

विजापूरवेस

टॉवेलवाले अण्णा, तुमची भीती खरी आहे, पण पैसे उलट्या बाजूला गेलेत. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ मध्ये या कार्यक्रमाचा देशभरातला खर्च तपासला. ६४ टक्के निधी रस्त्यावरच्या धुळीवर, वाहनांवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास आणि उद्योगांवर एक टक्कासुद्धा नाही. म्हणजे बॉयलर बदलायला मदत मिळायला हवी होती, ती तुम्हाला मिळालीच नाही. झाडणारी यंत्रं आणि पाण्याचे फवारे मात्र आले. सोलापूरचा आकडा देशासारखाच आहे की वेगळा, हे कळायलाच तर ते पान हवंय.

टॉवेलवाला_पूर्वभाग

एक टक्का पण नाही? मग नोटिशी कशाच्या जिवावर काढतात?

होटगीरोडकर

मी जरा विरोधात बोलतो, दगड मारू नका.

या शहरात सरकारने एखादी गोष्ट मनावर घेतली की होते. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवा. ९२ मीटर उंच. किती वर्षं वाद, किती मोर्चे, दोन्ही बाजूंचे. १५ जून २०२३ ला पाडली. ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान उडालं, मग मुंबईचं. आज विमान आहे. तेव्हा कोणत्या अहवालावर चर्चा झाली होती? राजकीय इच्छा होती म्हणून झालं. तुम्ही कलम-बिलम काढत बसा, उड्डाणपूल झाले की निम्मा धूर आपोआप कमी होईल. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला, हे दोन पूल किती वर्षं भूसंपादनात अडकलेत, त्याचा जाब विचारा आधी.

विडीघरकुल_ताई

होटगीरोडकर दादा, चिमणीचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून बोलते. चिमणी पाडली, त्यानंतर विमान उडायला जवळजवळ दोन वर्षं लागली. मधे सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचं उद्घाटनसुद्धा होऊन गेलं. पाडायची तारीख पाळली, द्यायची तारीख कोणी पाळली?

आणि विमानाला राज्य सरकार पैसे भरतंय. सोलापूर-पुणे-मुंबई मार्गासाठी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, एका सीटमागे ३,२४० रुपये. तिकीट परवडावं म्हणून. माझा विमानाला विरोध नाही, उडू दे. पण मग कुंभारीच्या बाईच्या बसला तोटा होतो म्हणून ती बंद, हे कोणत्या हिशेबात बसतं?

कुंभारीला रे नगर आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या बायका, अशांची ही घरं. घर झालं, आनंदच आहे. पण काम शहरात राहिलं आणि घर गेलं गावाबाहेर. सकाळी शेअर रिक्षात बघा: मागे चौघी, समोर ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूला एकेक, मांडीवर हजार विड्यांची पिशवी, वरून ओला फडका, कारण वाटेत पानं वाळली की विडी फुटते आणि कारखान्यात छाटणीत जाते. पावसाळ्यात रिक्षाचा पडदा एका हाताने धरायचा आणि दुसऱ्या हाताने पिशवी. जाऊन-येऊन जे भाडं जातं ते मजुरीतून जातं. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पण अर्धं तिकीट घ्यायला आधी गाडी तर लागेल. शहर वाढवताना बस कोणी विचारात घेतली, एवढंच मला विचारायचंय. आणि हा प्रश्न पर्यावरणाचाच आहे, कारण परवडायला लागलं की यातली प्रत्येक बाई हप्त्यावर स्कूटी घेणार. का घेऊ नये तिने?

होटगीरोडकर

ताई, बसचं मान्य. पण बस आणून टिकवणार कोण? केंद्राच्या जुन्या शहर विकास योजनेत, जेएनएनयूआरएममध्ये, आलेल्या गाड्या आठवतात का? जवळपास शंभर जनबसच्या चासीला तडे गेले. नव्या कोऱ्या गाड्या डेपोत गंजल्या, भांडण वर्षानुवर्षं चाललं. परिवहनच्या कर्मचाऱ्यांचे पगार थकले ते वेगळंच. पुन्हा शंभर आणा, पुन्हा तेच.

डेपोचा_माणूस

निवृत्त आहे, नाव विचारू नका. जनबसचं दुखणं बरोबर सांगितलंत, पण ई-बसची व्यवस्था वेगळी आहे. गाडी पालिका विकत घेत नाही. ठेकेदार आणतो, तोच चालवतो, तोच दुरुस्त करतो. पालिका धावलेल्या किलोमीटरवर पैसे देते आणि केंद्र त्यात दहा वर्षं भर घालतं, बारा मीटरच्या गाडीला किलोमीटरमागे २४ रुपये, नऊ मीटरला २२, सात मीटरला २०. चासी फुटली तर गाडी धावली नाही, पैसे नाहीत. एवढ्यापुरतं बरं आहे.

खरी मेख पुढे. किलोमीटरवर पैसे म्हटलं की ठेकेदाराला प्रवाशाशी घेणं-देणं उरत नाही. गाडी रिकामी पळाली तरी त्याचं बिल निघतं. मग मार्ग, वेळ, शेवटची फेरी किती वाजता, हे सगळं पालिकेने ठरवायचं आणि तपासायचं. त्याला माणूस लागतो. वाहतूक निरीक्षक कागदावर किती आणि चौकात किती? तुमच्या त्या पानात बसच्या संख्येपेक्षा हे विचारा: ठरलेल्या फेऱ्या किती, झालेल्या किती, न झालेल्या फेऱ्यांचा दंड कापला का. आमच्या खात्यात संख्या नेहमी छान असायची. फेऱ्या नसायच्या.

पार्कचौक_जुना

ही पोस्ट धाग्याच्या सुरुवातीला हवी होती.

तरी माझी मूळ शंका तशीच आहे. जबाबदार कोण ते ठरू द्या. बस पालिकेची. पीयूसी आणि रिक्षाचे परमिट आरटीओकडे, म्हणजे राज्याकडे. महामार्ग दिल्लीचा. हवा मोजायची प्रदूषण नियंत्रण मंडळाने. ट्रकला शहरात कधी सोडायचं ते पोलीस आयुक्त ठरवतात. नगरसेवक उभा राहून विचारणार, आयुक्त म्हणणार "ही बाब आमच्या अखत्यारीत नाही", सभा तहकूब, राष्ट्रगीत.

विजापूरवेस

मग "अखत्यारीत नाही" हे इतिवृत्तात लिहून घ्यायचं. आज ते तोंडी सांगून मोकळे होतात. जड वाहतुकीचंच बघा. केगाव-हत्तूर बायपास झाला, तरी ट्रक आणि उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर गावात दिसतातच. यात कोणाची परवानगी, कोणाची सूट, कोणाचा काणाडोळा? एकदा लेखी उत्तर आलं की पुढचा अर्ज कोणाकडे करायचा ते तरी समजतं.

लष्कर_भैया

सगळं मान्य. माझ्या प्रभागातला नगरसेवक फोन उचलेल का तेवढं सांगा.

सातरस्ता_कट्टा

भैया, फोन नको. नगरसचिव कार्यालयात आवक शिक्का मारून पत्र द्या आणि पोच घ्या. नगरसेवकाला त्याची प्रत.

डेपोवाले काकांच्या सूचनेने पान बदलतो: ठरलेल्या फेऱ्या, झालेल्या फेऱ्या, दंड. टॉवेलवाले अण्णांसाठी एक ओळ वाढवतो: बॉयलर बदलायला हवेच्या निधीतून किती मदत दिली. ताईंचा कुंभारीचा मार्ग नाव घालून लिहितो. उड्डाणपूल घेत नाही, होटगीरोडकर. ते भूसंपादनाचं प्रकरण आहे, त्याचा वेगळा धागा काढा, तिथे येऊन भांडतो.

होटगीरोडकर

काढतोच. आणि मुंबईचं विमान वेळेवर सुटतं का, हेही तुमच्या पानात टाका. पैसे आपलेच आहेत म्हणालात ना?

विडीघरकुल_ताई

टाका की. सीटमागे ३,२४० रुपये दिलेत तर किती सीट भरल्या तेही विचारा. फक्त कुंभारीची ओळ त्याच्या वर ठेवा.

पार्कचौक_जुना

मसुदा टाका. सही करतो, पण खाली माझा शेरा लिहीन: "यातून काही होईल असं वाटत नाही."