वारलीतला माणूस उभा कसा करायचा?

सई_डोंबिवली: आर्किटेक्चर, पहिलं वर्ष. भौमितिक कलेवरून शिल्पाचं मॉडेल करायचंय, पाया 45 बाय 45 सेंमी. अर्ध्या वर्गाने चित्रकार मोंद्रियानचे रंगीत चौकोन धरले, म्हणून मी वारली घेतली. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं. कागदावर दोन मिनिटांचं काम. माउंट बोर्डात कापला तर कंबरेतच मोडतो. मग दोन शंकू जोडले. सर म्हणाले, "हा डमरू आहे." डमरूच होता हो. काय करू?

जुना_जेजेवाला: शंकू भरीव दिसतो, तिथेच घोळ. शिल्पकार नाउम गाबोने 1915-16 मध्ये प्लायवूडचे, मग पत्र्याचे सपाट तुकडे त्यांच्या कडांवर उभे करून माणसाचं डोकं घडवलं. आतली पोकळीच आकार देते. तू सारखे दोन माणूस काप. एकाला खालून निम्म्यापर्यंत खाच, दुसऱ्याला वरून, आणि काटकोनात अडकव. कंबर 8 मिमी ठेव, लांबून टोकच वाटतं.

सई_डोंबिवली: उभा राहिला! पण शाळेच्या बक्षीस समारंभातली ट्रॉफी दिसते. 😭

डहाणूचा_मास्तर: बाई, एकट्यालाच का उभं करतेस? तारप्याचा नाच घे. तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य. ते वाजवणारा मध्ये, बाकीचे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती वळत जातात. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांची चित्रं नीट बघ: वळसा वरून पाहिलेला, माणसं मात्र बाजूने. कागदावर ही गंमत, मॉडेलमध्ये दोन्ही खरंच दिसतं. 300 जीएसएम आयव्हरी शीटची, म्हणजे जाड गुळगुळीत कागदाची पट्टी घे, हाताला हात जोडलेली माणसं कटरने काप. सरळ ठेवलीस तर पडेल, वळवलीस की आपली आपण उभी राहते. चिकटवायचं ते शेवटी. मध्ये वाजवणाऱ्याला हातभर नको, पण वीतभर जागा सोड, आम्ही पोरांकडून करून घेतलं तेव्हा तोच बाहेर राहिला होता.

सई_डोंबिवली: दोन पट्ट्या जोडून 22 जण झाले, गेरूच्या पायावर. खाली बसून पाहिलं तर नुसते त्रिकोण, उभं राहिलं की वळसा. आईने टॉर्च धरला तर सावल्याही नाचल्या. फक्त शेवटच्याचा मोकळा हात लवतोय. टाचणी लावू?

डहाणूचा_मास्तर: नको, भोक दिसेल. मागून कागदाची बारीक पट्टी लाव. आणि रिक्षात मॉडेल मांडीवर धर, सीटवर नाही.