मतदानाची टक्केवारी, १७-सी आणि मतमोजणी: शंका नेमकी कुठे घ्यावी?

प्रश्न: साशंक

महाराष्ट्र विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी झालेल्या मतदानाची संध्याकाळी पाच वाजेपर्यंतची टक्केवारी ५८.२२ अशी सांगितली गेली होती. अंतिम आकडा मात्र ६६.०५ टक्के आला. निकालानंतर तर झालेले मतदान आणि मोजलेली मते यांत सुमारे पाच लाखांचा फरक असल्याच्या बातम्याही वाचल्या. आमच्या घरात यावरून सरळ दोन तट पडले आहेत आणि दोन्हीकडचे लोक ठाम आहेत, पण कागद कोणीच पाहिलेला नाही. मत यंत्रात पडल्यापासून निकालाच्या तक्त्यात आकडा येईपर्यंत कोणत्या टप्प्यावर कोणती नोंद होते, आणि माझ्यासारख्या मतदाराला त्यातले काय पडताळून पाहता येते, हे जाणकारांनी सांगावे. ‘यंत्रे हॅक होतात’ किंवा ‘हरलेल्यांची रड’ एवढ्यावर थांबणारे प्रतिसाद कृपया नकोत.

उत्तर १: टाचण

केंद्राध्यक्ष म्हणून निवडणुकीचे काम केलेले असल्याने केंद्रावर काय घडते तेवढे सांगतो.

दिवसभर दर दोन तासांनी जाहीर होणारी टक्केवारी ही फोनवर आणि अॅपवर गोळा केलेली तात्पुरती माहिती असते. तिच्यावर कोणाची सही नसते, आणि रांग सांभाळत असलेला कर्मचारी ती घाईतच कळवतो. सहा वाजता दार बंद करताना रांगेत जेवढे मतदार उभे असतील त्यांना चिठ्ठ्या वाटल्या जातात, आणि त्या रांगेच्या शेपटाकडून वाटायच्या असतात, म्हणजे नंतर आलेला कोणी मागे चिकटू शकत नाही. त्यानंतर शेवटच्या चिठ्ठीवाल्याचे मत होईपर्यंत मतदान चालू राहते.

मतदान संपले की कंट्रोल युनिटवरचे, म्हणजे मते साठवणाऱ्या यंत्राच्या भागावरचे, ‘क्लोज’ बटण दाबायचे, पडद्यावर आलेली एकूण मते लिहून घ्यायची आणि ‘नमुना १७-सी’चा पहिला भाग भरायचा. त्यात यंत्रांचे क्रमांक, नोंदवहीत सही केलेले मतदार, सही करूनही मत न देता परत गेलेले आणि यंत्रात नोंदलेली मते, असा सगळा ताळेबंद असतो. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार त्याची खरी प्रत हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला पोच घेऊन द्यावीच लागते. कंटाळलेले प्रतिनिधी ती न घेताच निघून जायला बघतात, हा भाग वेगळा. मोजणीच्या दिवशी जाळीपलीकडे बसलेल्या मतमोजणी प्रतिनिधीला यंत्राचा क्रमांक, सील आणि एकूण मते दाखवली जातात. हातात प्रत असेल, तरच तो ती जुळवून बघू शकतो.

आता पाच वाजल्यानंतरच्या वाढीबद्दल. सुमारे ९ कोटी ७० लाख मतदारांपैकी ७.८३ टक्के म्हणजे साधारण ७६ लाख मते होतात. राज्यात मतदान केंद्रे एक लाखाच्या आसपास होती, म्हणजे केंद्रामागे सरासरी ७६ मते. अकरा तासांच्या मतदानात दर तासाची सरासरी ५८ लाख पडते. शेवटचा तास आणि त्यानंतरची रांग धरली, तर ही वाढ मोठी आहे, पण अशक्य नाही. पाच लाखांच्या फरकाचा खुलासा त्याहून साधा आहे: टक्केवारी यंत्रांतल्या मतांची असते, तर मोजणीत टपाली मतेही धरली जातात, आणि त्या निवडणुकीत वैध टपाली मते पाच लाखांहून अधिक होती.

उत्तर २: तळटीप

टाचण यांचे गणित मला मान्य आहे, परंतु सरासरीने शंका फिटत नाही. केंद्रामागे ७६ ही संख्या शक्य कोटीतली असली, तरी कोणत्या केंद्रावर दहा आणि कोणत्या केंद्रावर तीनशे मते पडली, हेच तर लोक विचारत आहेत, आणि त्याचे उत्तर देणारा कागद मतदाराच्या हाती येत नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पहिल्या टप्प्याचे मतदान १९ एप्रिलला झाले आणि त्याची अंतिम टक्केवारी ३० एप्रिलला, म्हणजे अकरा दिवसांनी आली. तीही मतांच्या संख्येशिवाय, नुसती टक्केवारी. निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या एडीआर या संस्थेने १७-सीच्या प्रती ४८ तासांत संकेतस्थळावर टाकाव्यात, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी सोडून इतरांना ती प्रत देण्याचे कायदेशीर बंधन नाही, असे निवडणूक आयोगाचे म्हणणे होते. न्यायालयाने २४ मे रोजी अंतरिम आदेश नाकारला, आणि दुसऱ्याच दिवशी आयोगाने पाच टप्प्यांतील मतदानाची प्रत्यक्ष संख्या स्वतःहून जाहीर केली. जे एका दिवसात जमले, ते आधी का जमत नव्हते?

पुढची गोष्ट मला जास्त खटकते. डिसेंबर २०२४ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने मतदानाशी संबंधित चित्रीकरण आणि कागदपत्रे एका अर्जदाराला द्यावीत असा आदेश दिला, आणि त्यानंतर काही दिवसांतच १९६१ च्या निवडणूक नियमांतील नियम ९३ बदलून सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांसाठी बंद झाल्या. मे २०२५ मध्ये तर निवडणूक याचिका दाखल झाली नसेल, तर चित्रीकरण ४५ दिवसांनी नष्ट करण्याच्या सूचना गेल्या. याचिकेची मुदतही ४५ दिवसांचीच आहे, त्यामुळे कागदोपत्री हे सुसंगत दिसते. पण ज्या पुराव्यावरून याचिका करायची की नाही हे ठरणार, तोच पाहायला मिळत नसेल, तर मुदतीचा उपयोग काय?

उत्तर ३: उंबरठा

चर्चा नेहमी यंत्राभोवती फिरते, पण अलीकडे न्यायालयात सिद्ध झालेले घोळ यंत्राबाहेरचे, माणसाच्या हातचे आहेत.

हरियाणातील पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू या गावच्या २०२२ च्या सरपंच निवडणुकीत एका केंद्रावर दोन उमेदवारांच्या मतांची अदलाबदल झाली आणि हरलेला विजयी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, यंत्रे तिथेच मागवून फेरमोजणी झाली, आणि १०५१ विरुद्ध १००० असा निकाल फिरला. यंत्रात मते बरोबरच होती, कागदावर चुकीची उतरली होती. दुरुस्तीला जवळपास तीन वर्षे लागली, म्हणजे सरपंचाची अर्ध्याहून अधिक मुदत संपून गेली.

मतपत्रिका आल्या की सगळे स्वच्छ होईल असे म्हणणाऱ्यांनी चंदीगडच्या महापौर निवडणुकीकडे पाहावे. जानेवारी २०२४ मध्ये अवघी ३६ मते होती, तीही कागदावर, आणि पीठासीन अधिकाऱ्याने त्यांतल्या आठ मतपत्रिकांवर खुणा करून त्या बाद ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत निकाल बदलला, तो कॅमेऱ्याने ते टिपले होते म्हणून. तळटीप यांनी चित्रीकरणाबद्दल लिहिले आहे, त्याला जोडून हे वाचावे.

प्रश्नकर्ता: साशंक

सर्वांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, सगळ्या चिठ्ठ्या मोजायला नेमकी अडचण काय आहे? आणि माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी स्वखर्चाने मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले होते, ते थांबवणे योग्य होते का?

उत्तर ४: टाचण

चिठ्ठ्यांबाबत: २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या सोडत काढून मोजल्या जातात. सगळ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालानंतर सात दिवसांत शुल्क भरून, पाच टक्के यंत्रांच्या मेमरीची तपासणी मागता येईल अशी सोय केली. यंत्राची बेरीज आणि चिठ्ठ्यांची बेरीज जुळली नाही, तर नियमाने चिठ्ठ्याच ग्राह्य धरल्या जातात. कायद्यालाच कागद अधिक विश्वासार्ह वाटतो, तर चुरशीच्या लढतीत तो पूर्ण मोजायला हरकत नसावी, असे माझे मत आहे. एका दिवसाचा उशीर झाला तर आभाळ कोसळणार नाही.

मारकडवाडीच्या फेरमतदानातून सिद्ध काहीच झाले नसते, कारण निकाल कळल्यानंतर दिलेले मत हे पहिल्या मताची नक्कल नसते. तरीही ३ डिसेंबर २०२४ ला जमावबंदी लावून ते अडवल्याने ज्यांना शंका नव्हती त्यांनाही ती आली.

तुम्हाला स्वतः पडताळायचे असेल, तर आपल्या गावातल्या कोणत्याही पक्षाच्या मतदान प्रतिनिधीकडून १७-सीची प्रत मागा आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरील ‘नमुना २०’ या केंद्रनिहाय निकालाच्या तक्त्यात त्याच केंद्राची ओळ काढून एकूण मते लावून बघा. टपाली मते त्या ओळीत नसतात, तक्त्याच्या शेवटी वेगळी येतात. सकाळच्या मॉक पोलची, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीची, मते पुसायची राहिल्यामुळे २०२४ मध्ये एखादे यंत्र बाजूला ठेवले गेले असेल, तर विजयी उमेदवाराची आघाडी तशा यंत्रांतल्या मतांपेक्षा कमी असल्याखेरीज त्याची मते तेव्हा धरत नसत; तेवढे आधी विचारून घ्या. एवढे करूनही फरक उरला, तर केंद्र क्रमांकासह इथे लिहा.