करविरोधी, करवाढविरोधी की करबंदी?

शब्दवेडी (टिळकवाडी)
मंडळी, एक अडचण आहे. अमेरिकेतल्या 2009 च्या टॅक्सविरोधी मोर्च्यांवरचा एक लेख मराठीत करायला घेतलाय. लिहिणारा रस्त्याच्या कडेला उभा राहून पाट्या वाचतोय आणि त्याला त्यातलं फारसं काही पटत नाहीये. मी 'करवाढविरोधी मोर्चा' लिहिलं, तर घरातल्यांनी सांगितलं 'करबंदी' लिही, आपल्यात तोच शब्द आहे. मला करबंदी खटकतोय पण का ते सांगता येईना. शिवाय एका पाटीवर 'टॅक्स्ड इनफ ऑलरेडी' आहे, तिन्ही शब्दांची पहिली अक्षरं घेतली की इंग्रजीत चहा होतो, ते कसं आणू?

निपाणीकर
चहाचा नाद सोडा ताई, तो मराठीत येत नाही. 'बस्स झाला टॅक्स' लिहा, मोर्च्यातला माणूस असंच ओरडतो.

तिसरं गेट
करवाढविरोधी नको, त्यानं लेखाचा कणाच मोडतो. फेब्रुवारी 2009 मध्ये तिथं मंदीवर उपाय म्हणून जो पॅकेजचा कायदा झाला त्यात नोकरदाराला 400 डॉलर आणि नवराबायको मिळून 800 डॉलरपर्यंत करात सवलत दिली होती, आणि 15 एप्रिलला, म्हणजे रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, लोक पाट्या घेऊन रस्त्यावर आले. मग वाढ कुठं आहे? तुमच्या लेखकाला शंका येते ती इथंच असणार. बरं, ज्या बोस्टनच्या चहावरून त्यांनी 'टी पार्टी' हे नाव घेतलं, तिथं 1773 च्या डिसेंबरात 342 पेट्या समुद्रात टाकल्या, पण त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्यानं चहा उलट स्वस्त होणार होता. पौंडामागं तीन पेन्सचा कर जुनाच होता, ईस्ट इंडिया कंपनीला थेट माल विकायची मोकळीक मिळाली एवढंच नवीन. भांडण होतं ते आमच्यावर कर बसवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला याचं. तेव्हा सरळ 'करविरोधी' लिहा.

मराठीनिष्ठ
वर सगळे टॅक्स टॅक्स करताहेत, 'कर' हा आपला दोन अक्षरी शब्द असताना. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना आपले शब्द देणारा राजव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? आपणच आपले शब्द टाकायला लागलो तर सीमाभागात मराठीसाठी भांडायचं तरी कुठल्या तोंडानं?

निपाणीकर
ओ सर, कोश झाला तरी वसूल, बाकी, जप्ती लोकांच्या तोंडात राहिलेच की. आणि 'कर' एकटा पाटीवर लिहिला की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी करायला सांगूलालेत. 'कर माफ कर' अशी पाटी वाचून बघा.

खानापुरी
ताईंना करबंदी का खटकतोय ते मी सांगतो. करबंदी म्हणजे मोर्चा नव्हे. भरायचं थांबवायचं आणि मग जे होईल ते सोसायचं, याला करबंदी म्हणतात. गुजरातेत बार्डोलीला 1928 साली शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला तेव्हा लोकांनी भरला नाही, जमिनी जप्त झाल्या, म्हशी ओढून नेल्या. इथं कारवार जिल्ह्यात अंकोला सिद्दापूरला कायदेभंगाच्या काळात तेच झालं, कन्नडमध्ये त्याला करनिराकरण म्हणतात आणि तो शब्द मला जास्त स्वच्छ वाटतो. आपल्या सीमालढ्यात साराबंदी झाली. आमच्या घरी आज्जी सांगायची की तलाठी यायच्या आधी तांब्याचा हंडा गवताच्या गंजीत घालून ठेवत होते. सुट्टीच्या दिवशी पाटी धरून संध्याकाळी घरी जाणाऱ्याला तोच शब्द लावला तर त्या माणसांचं काय राहिलं?

निपाणीकर
भावना कळली मामा, पण शब्द असा बांधून ठेवता येत नाही. दारूबंदी सरकार करतं, नोटबंदी सरकारनं केली, साराबंदी लोकांनी केली. बंदी कुणी कुणाला घातली हे शब्दात कुठंच नाही, ते वाचणाऱ्यालाच समजून घ्यावं लागतं. उद्या पेपरवाल्यांनी मोर्च्याला करबंदी छापलं आणि लोकांना कळलं, तर झाला की तो अर्थ.

खानापुरी
छापलं म्हणून अर्थ होत नाही. चूक दहादा छापली तरी चूकच.

तिसरं गेट
पाट्यांबद्दल बोलतो. 2022 च्या जुलैत पॅकबंद दही, पीठ, तांदळावर 5 टक्के जीएसटी लागला आणि घरपट्टीचीही ओरड चालू होती, तेव्हा एका मोर्च्यात मी कडेला उभा होतो. एक पाटी लक्षात राहिली, निवडणुकीच्या जुन्या फ्लेक्सची मागची बाजू, काळ्या मार्करनं 'आधी रस्ता मग पट्टी', आणि जागा संपली म्हणून 'ट्टी' कोपऱ्यात कोंबलेला. पाटी धरलेले गृहस्थ मला एप्रिलमध्ये बेळगाव वनच्या, म्हणजे बिलं भरायच्या सरकारी केंद्राच्या रांगेत भेटलेले, 5 टक्के सूट मिळते म्हणून पहिल्याच महिन्यात पट्टी भरायला आलेले. म्हणजे मग तो मागतोय काय? त्याला पट्टी नको नाहीये, रस्ता पाहिजे. त्याला करविरोधी म्हणणं पण चूक आणि करबंदी तर त्याहून चूक. अमेरिकेत पण तसेच होते, म्हातारपणीचा सरकारी दवाखान्याचा खर्च घेणारेच सरकारला म्हणत होते की त्याला हात लावू नका. माझा या सगळ्या पाट्यांवर विश्वास बसत नाही तो यामुळं, पाटीवर एक आणि मागणी दुसरी.

शब्दवेडी (टिळकवाडी)
पण दादा, जो भरतो त्यालाच विचारायचा हक्क जास्त. सूट घेतली म्हणून त्याची तक्रार खोटी होत नाही. आणि बोस्टनवाल्यांची 'प्रतिनिधी नाही तर कर नाही' ही घोषणा घ्या. वॉशिंग्टन शहरात आजही ती थोड्या वेगळ्या शब्दांत गाड्यांच्या नंबरप्लेटवर आहे, 2000 सालापासून, कारण तिथल्या लोकांना संसदेत मतदान करणारा खासदार नाही.

तिसरं गेट
तर मग आपलंच बघा. मार्च 2019 ला बेळगाव महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झाली सप्टेंबर 2021 ला. तोपर्यंत नगरसेवक नाही, प्रशासक होता, घरपट्टी मात्र सगळ्यांनी भरली. तेव्हा ही घोषणा लिहिलेली एक पाटी मला कुठं दिसली नाही. जिथं खरी लागू पडत होती तिथं कुणी धरली नाही, याचा मला राग आहे.

मराठीनिष्ठ
'नंबरप्लेट' ऐवजी 'क्रमांकपट्टी' चालेल. आणि मोर्च्यातल्यांना 'फलक' म्हणा, पाटी दुकानाला असते.

निपाणीकर
पाटी शाळेतली पण असते सर. आणि ते घरपट्टी घरपट्टी काय चाललंय, आमच्यात घरफाळा म्हणतात, कोल्हापूरपर्यंत घरफाळाच. पट्टी पाण्याची.

खानापुरी
फाळा हा नांगराच्या फाळावरून आलाय असं माझं मत आहे. जितके नांगर तितका वाटा.

निपाणीकर
नाही पटत. फाळणीतला फाळ आहे तो, खर्च सगळ्यांत फाळून घ्यायचा म्हणून फाळा. गणपतीची वर्गणी पण आमच्या गल्लीत जुनी माणसं फाळाच म्हणायची.

खानापुरी
वर्गणीला आमच्यात पट्टी म्हणतात. यात्रेची पट्टी. तिला कुणी बंदी घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

निपाणीकर
मग जकातीचं काय म्हणता, अरबीत ती दानधर्माची, आपल्याकडं नाक्यावरची. कर्नाटकात 1979 ला गेली तरी आमच्याकडं म्हातारी माणसं अजून बसमधून उतरताना जकात नाका म्हणूलालेत.