उपासनेत वाद्यं असावीत का? असली तर कोणती आणि कशी?

रविवारची_घंटा (प्रश्न):
सलाम मंडळी. आमच्याकडे रविवारच्या उपासनेला पेटी-तबला असतो. आता कीबोर्ड आणि ड्रमसेट घेण्याचा ठराव पंच कमिटीपुढे आलाय. उलट काही सभासद म्हणतात, प्रेषितांच्या मंडळ्या वाद्य वाजवत असल्याचं नव्या करारात कुठेच नाही, तेव्हा पेटीसुद्धा बंद करा. चर्च दगडी, छत उंच, उपस्थिती दीडशेच्या आसपास. शास्त्राचा आधार आणि व्यवहारातला सल्ला, दोन्ही हवेत.

ओळीवर_ओळ:
पेटी बंद करा म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. इफिस 5:19 आणि कलस्सै 3:16 मध्ये गाण्याची आज्ञा आहे, वाद्याची नाही. स्तोत्र 150 मध्ये रणशिंग, वीणा, डफ, झांजा सगळं आहे. पण दुसरे इतिहास 29 वाचा: हिज्कियाच्या काळात होमार्पण सुरू झालं तेव्हा वाद्यं सुरू झाली आणि ते संपेपर्यंत वाजत राहिली. म्हणजे वाद्यं मंदिरातल्या यज्ञाशी जोडलेली होती. यज्ञ ख्रिस्तात पूर्ण झाला, तेव्हा तीही मागे पडली, असा तो युक्तिवाद. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी आजही फक्त मानवी आवाज असतो. सोळाव्या शतकातले धर्मसुधारक कॅल्व्हिन यांच्या जिनिव्हात स्तोत्रं वाद्यांशिवाय गायली जात. अमेरिकेतल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टची 1906 च्या जनगणनेत वेगळी नोंद झाली, त्यामागे वाद्यांचा वाद हे एक मोठं कारण होतं.

तरीही मला हा युक्तिवाद पटत नाही. जे लिहिलेलं नाही ते सगळं निषिद्ध धरलं तर छापील गीतपुस्तकही ठेवता येणार नाही. स्कॉटलंडच्या फ्री चर्चनेही 2010 मध्ये मंडळ्यांना वाद्यांची मुभा दिली.

आपल्याकडचा इतिहासही कमिटीपुढे मांडा. नगरला कृष्णराव सांगळे एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन करत होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी मराठी मंडळीला अभंग-भजनाच्या वळणाची गीतं दिली. ही गीतं टाळ-मृदंगाच्या परंपरेतून आली आहेत. ताल काढून घेतला तर ती लंगडी पडतात.

वसईची_वेस:
कॅथलिक बाजूने थोडं. 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोलासारख्या गोंगाटी वाद्यांना मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनला मान कायम राहिला, पण स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने आणि उपासनेला शोभतील अशी इतर वाद्यंही चालतील असं ठरलं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजतात; नुसतं वादन नाही. अपवाद चौथ्या रविवारचा आणि मोठ्या सणांचा. ही शिस्त प्रोटेस्टंट मंडळीनेही घ्यावी असं मला वाटतं. दानार्पणाच्या वेळी उगाच वाजत राहणाऱ्या कीबोर्डपेक्षा शांतता बरी.

खर्ज_पंचम:
आता व्यवहार. कसोटी एकच ठेवा: शेवटच्या बाकावरच्या माणसाला शब्द कळतात का, आणि तो स्वतः गातो का?

सर्वांत जास्त बिघाड पट्टीत, म्हणजे ‘सा’ कुठल्या सुरावर धरला यात, होतो. (काळी एक, पांढरी दोन म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी, दुसरी पांढरी पट्टी.) एकट्या गायकाला काळी एक सोयीची, पण चाल तार गंधाराला (वरच्या ‘ग’ला) गेली की मंडळीला पांढरी चार गाठावी लागते आणि निम्मे लोक गप्प बसतात. समूहाला पांढरी दोनच्या वर नेऊ नका. तार गंधारापर्यंत जाणारी चाल काळी पाचमध्ये धरली की वरचा सूर बरोबर पांढरी दोनवर येतो. चाल तार षड्जावरच (वरच्या ‘सा’वरच) थांबत असेल तर काळी एक ठीक.

तबलाही त्याप्रमाणे लागतो. काळी एकला साडेपाच इंची तोंडाचा चालतो. काळी पाचला सहा इंची हवा. तो नसेल आणि चालीत शुद्ध मध्यम (‘म’) असेल, तर सव्वापाच इंची तबला मध्यमात, म्हणजे काळी दोनवर मिळवा. पावसाळ्यात पुडी (तबल्याचं कातडं) ढिली पडते. आधी गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोका, मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी. ऐन उपासनेत नाही, अर्धा तास आधी.

दगडी चर्चमध्ये डग्ग्याची (डाव्या हाताच्या खर्जाच्या वाद्याची) घुमार भिंतींवरून परत येऊन पुढच्या शब्दावर बसते. म्हणून माईक फक्त तबल्याला, डग्ग्याला नाही. केरवा-दादरा साधे ठेवा, दुगुण (दुप्पट लय) नको. स्पीकर माईकच्या पुढे, मागे नाही, नाहीतर शिट्टी वाजणारच. त्या इमारतीत ड्रमसेट मी घेणार नाही. झांजेचा आवाज नेमका व्यंजनं खातो.

रविवारची_घंटा:
मग कीबोर्डचं काय?

खर्ज_पंचम:
घ्या, पण आतला रेडीमेड ताल बंद ठेवा. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातल्या पाश्चात्त्य चालींत मंडळी ओळीच्या शेवटी श्वासाला थांबते, यंत्र थांबत नाही, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत दोघांची फारकत होते. पेटीवर असो की कीबोर्डवर, पहिली ओळ एकदा पूर्ण वाजवा, षड्जावर थांबा, मग मंडळीला उचलू द्या. गाताना वाजवणाऱ्याने मंडळीच्या मागे राहायचं.

ओळीवर_ओळ:
आणि दर रविवारी एका गीताचं एक कडवं वाद्य थांबवून गा. पेटीने षड्ज द्यावा आणि भाता सोडावा. सूर उतरला तर उतरू द्या, मध्येच पेटी घालून सावरू नका. कडवं संपल्यावरच पुन्हा सूर द्या. पेटीला विरोध करणाऱ्या सभासदांनाच ते कडवं उचलायला सांगा.